नाशिकमधून तीन वर्षांचं एलएलबी करायचंय : नोकरी, हजेरी आणि वकिलीची सनद (परवाना) याबद्दल

सिन्नरची_लेक

नमस्कार मंडळी. मूळची सिन्नरची, सध्या सिडकोत राहते आणि अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. वय ३८. बारावी कॉमर्स झाल्यावर लग्न झालं, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, ५२ टक्के पडले. आता एलएलबी करायचंय आणि ते इथेच, पुणे विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजातून. घर सोडून पुण्या-मुंबईला जाणं शक्य नाही आणि खासगी विद्यापीठांची फी झेपणारी नाही.

कारणही सांगते. माझ्या आत्याकडून तिच्या भावांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती दुय्यम निबंधक कार्यालयात गेली, सही करून आली आणि स्वयंपाकाला लागली. काय सोडलं, किती सोडलं हे तिला कुणी सांगितलं नाही. आता ती एकटी आहे आणि माहेरच्या जमिनीत तिचं नाव नाही. मी सातबारा काढला, फेरफार काढले, एका वकिलांना दाखवले. ते चांगलं बोलले, पण त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. माझ्या घरातल्या बायकांचे कागद मला स्वतःला वाचता आले पाहिजेत, एवढं मनाशी पक्कं केलंय.

तर विचारायचं असं की या वयात प्रवेश मिळतो का? मुक्तची पदवी चालते का? आणि नोकरी सांभाळून होईल का? नोकरी लगेच सोडता येणार नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

तिसरं_वर्ष

ताई, मी इथल्याच एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा ही माहिती ताजी समजा.

वयाची काळजी सोडा. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्ससाठी ३० वर्षांची अट होती, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. माझ्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, पहिल्या बाकावर बसतात.

पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के लागतात, तुमचे ५२ आहेत. मुक्तबद्दल मात्र नीट समजून घ्या, नाशिकमध्ये यावरून फार जणांची गल्लत होते. आधी दहावी, मग बारावी आणि त्यानंतर मुक्तमधून पदवी, असा क्रम असेल तर काही अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेल्यांना लॉला प्रवेश मिळत नाही. तुमची बारावी झालेली आहे, म्हणजे तुम्ही पात्र आहात. बारावीची मूळ गुणपत्रिका तेवढी जपून ठेवा.

प्रवेश राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) सेलकडून होतो. तीन वर्षांच्या लॉसाठी वेगळी सीईटी असते. कायद्याची समज, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी असे भाग येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रश्न इंग्रजीसोबत मराठीतही असतात. निकालानंतर कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा.

शहरात गोखले एज्युकेशन सोसायटीचं एनबीटी आणि मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) लॉ कॉलेज ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे पदवी विद्यापीठाचीच मिळते. तुम्ही सिडकोतून येणार, तर आधी दोन्हीकडे जाऊन नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक बघून या.

पंचवटीकर

ताई, नोकरी अजिबात सोडू नका. आमच्या ऑफिसात दोघांनी नोकरी करत लॉ पूर्ण केलं. प्रॅक्टिकलच्या वेळी आणि परीक्षेला रजा टाकायचे, बाकी कॉलेजात सांभाळून घेतात. हप्ते चालू असताना पगार थांबला तर घर अडचणीत येतं, हे मी जवळून पाहिलंय म्हणून सांगतो.

गोदाकाठ_वकील

पंचवटीकर, तुम्ही आपुलकीने सांगताय, पण ताईंनी हा सल्ला घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी बरीच वर्षं जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रॅक्टिस करतोय. ज्युनिअर म्हणून येणाऱ्या मुलांमध्ये वर्गात बसलेला कोण आणि न बसलेला कोण, हे पहिल्या आठवड्यात कळतं.

आधी नियमाचं बोलू. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. एखाद्या विषयात ६५ पर्यंत घसरलात आणि सगळे विषय मिळून ७० भरत असतील, तरच प्राचार्यांना अपवाद करता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली. त्याच परिपत्रकानुसार विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत का हे जाहीर करायचं असतं आणि असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र द्यायचं असतं. तुमच्या ऑफिसातल्या दोघांच्या वेळी हे नव्हतं. आज माहिती लपवून शिकलेल्याची पदवी पुढे अडकू शकते. तीन वर्षं घालवून टांगती तलवार कशाला घ्यायची?

आता नियमापलीकडचं. ताई कागद वाचता यावेत म्हणून शिकायला निघाल्या आहेत. कलम पाठ करून कागद वाचता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ घ्या. साठेखत (पुढे विकण्याचा करार) झालं, ताबा दिला, पण खरेदीखत झालं नाही, अशा माणसाला कोणतं संरक्षण मिळतं ते त्यात आहे. पुस्तकात ते एका परिच्छेदात संपतं. वर्गात चांगला मास्तर विचारतो की साठेखत नोंदवलेलं नसेल तर? करार २००१ च्या दुरुस्तीआधीचा असेल तर? घेणाऱ्याने उरलेली रक्कम देण्याची तयारी कधी दाखवलीच नसेल तर? मुलं चुकतात, भांडतात, पुन्हा कलमाकडे जातात. पुढे अशिलाचं साठेखत हातात येतं तेव्हा हेच प्रश्न आपोआप सुचतात. ही सवय गाइड वाचून लागत नाही.

सरकारी विद्यापीठाची पदवी कमी फीत मिळते म्हणून ती स्वस्तात उरकायची, ही वृत्ती मला फार लागते. ज्या शिक्षणासाठी समाजाचा पैसा लागला, ते पूर्ण घ्या.

नोकरीबद्दल आणखी एक. शिकताना नोकरी रीतसर कळवून, हजेरी भरून करता आली तर हरकत नाही. पण वकिली करायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, हा बार कौन्सिलचा जुना नियम आहे. म्हणजे सनद घेताना निर्णय करावाच लागेल. त्याची जुळवाजुळव आजपासून करा.

सिन्नरची_लेक

वकीलसाहेब, मनापासून आभार. वाचताना जरा दडपण आलं, पण आधीच कळलं हे बरं. लपवून काही करायचं नाही हे नक्की. सकाळचे वर्ग असतील तर ऑफिसला उशिरा जायची परवानगी मागता येईल, आमचे मॅनेजर ऐकून घेणारे आहेत. रात्रीचं लॉ कॉलेज असतं असं ऐकलं होतं, ते खरं का?

तिसरं_वर्ष

आता नाही, ताई. निवासी नसलेल्या कॉलेजांना सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच वर्ग घेता येतात. सकाळच्या तासांचंच बघा. मॅनेजरांनी हो म्हटलं तर तेवढ्यावर राहू नका, लेखी घ्या. तेच पत्र पुढे कॉलेजात द्यायला उपयोगी पडेल.

दिंडोरीचा_बागायतदार

राम राम. मी द्राक्षवाला माणूस, पन्नाशी ओलांडल्यावर एलएलबी केलं. सनद घेतली नाही आणि घ्यायचीही नाही. तरी सांगतो, केल्याचं समाधान आहे.

आमच्याकडे दर हंगामाला कुठून तरी व्यापारी येतो, माल उचलतो, चेक देतो आणि चेक परत येतो. पूर्वी आम्ही त्याच्या गाळ्यावर चकरा मारायचो, तो गोड बोलायचा, पुढच्या आठवड्यात ये म्हणायचा. त्यात मुदत निघून जायची. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ आणि १४२ मध्ये मुदतींचा सगळा खेळ आहे. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटले की एका महिन्यात कोर्टात फिर्याद. व्यापाऱ्याला हे पाठ असतं, शेतकऱ्याला माहीत नसतं. तो गोड बोलतो तो याच दिवसांसाठी.

आता गावात कुणाचा चेक परत आला की मेमो घेऊन पहिला माझ्याकडे येतो. मी तारीख बघतो, वहीवर दिवस मोजून देतो आणि वकिलाकडे पाठवतो. एवढंच करतो, पण यामुळे किती तरी जणांची मुदत वाचली. ताई, वकिली केली नाही तरी हे शिक्षण घरादाराच्या कामी येतं. मात्र वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे, वर्ग चुकवू नका. छाटणी सुरू असताना मी बागेतून थेट वर्गात जायचो.

निवृत्त_शिरस्तेदार

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली.

लॉच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून न्यायालयात येऊन बसावं असं मी नेहमी सांगत आलो. न्यायालय खुलं असतं. कौटुंबिक किंवा लहान मुलांवरच्या अत्याचाराची बंद दाराआडची प्रकरणं सोडली, तर मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. मोबाइल बंद ठेवायचा, न्यायाधीश आले की उभं राहायचं, एवढं पाळा. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आपलं जिल्हा न्यायालय आहे. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी इथेही न्यायालयं आहेत. सिन्नरला माहेरी गेलात तर तिथलं कामकाज बघा, तालुक्याला जमिनीचे दावे फार.

नवख्याने दिवाणी न्यायालयात जावं आणि निशाणी ५ चा युक्तिवाद ऐकावा. निशाणी म्हणजे प्रकरणातल्या प्रत्येक कागदावर पडणारा क्रमांक. निशाणी १ वर दावा असतो आणि तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज आपल्याकडे बहुतेक निशाणी ५ वर येतो. म्हणून वकील नुसतं ‘पाचचं काम आहे’ म्हणतात. समजा, एकाने दुसऱ्याचा बांध कोरला आणि दावा आला. वादीचा वकील उठतो आणि तीन गोष्टी दाखवायला बघतो : प्रथमदर्शनी आपली बाजू आहे, हुकूम न दिल्यास गैरसोय आपली जास्त होईल आणि होणारं नुकसान पैशाने भरून येणार नाही. प्रतिवादीचा वकील मोजणीचा नकाशा पुढे करतो आणि म्हणतो, खुणा तर जुन्याच आहेत. न्यायाधीश नकाशा हातात घेतात, सातबाऱ्यावरचं क्षेत्र विचारतात आणि दोघांपैकी एकाला उत्तर देता येत नाही. अशा दोन सुनावण्या मन लावून ऐकल्यात तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

शब्दांची वही ठेवा. कैफियत, पुरसीस, दरखास्त, सरतपास, उलटतपास, रोजनामा, बेलीफ, नाझर. इंग्रजी पुस्तकात हे सापडणार नाहीत आणि खालच्या न्यायालयात यांच्याशिवाय पान हलत नाही. रोजनामा वाचायला शिका. त्या दिवशी न्यायालयात काय झालं, कोण हजर होतं, पुढची तारीख का पडली, सगळं त्यात असतं. पक्षकार वर्षानुवर्षं ‘तारीख पडली’ एवढंच ऐकून घरी जातात.

वहिवाटीचा रस्ता अडवल्याची तक्रार मात्र तहसीलदारांकडेही जाते, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. ती सुनावणीही एकदा पाहा, महसुलाची भाषा तिथे कानावर पडेल.

मुलगी_बारावीत

मध्येच विचारते, माफ करा. मुलगी बारावीला आहे, तिला पाच वर्षांचा कोर्स करायचाय. क्लॅट आणि आपली सीईटी एकच का?

तिसरं_वर्ष

नाही काकू, दोन्ही वेगळ्या. क्लॅट राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची आपली तिन्ही विधी विद्यापीठं त्यातूनच भरतात. राज्यातल्या बाकी लॉ कॉलेजांसाठी पाच वर्षांची वेगळी सीईटी असते. तिला दोन्ही देऊ द्या. फीचा विचार असेल तर एक बघून ठेवा : कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला आहे. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज वेळेत भरावा लागतो.

ताई, अभ्यासाचंही सांगून ठेवतो. जुनी पुस्तकं मिळाली तरी फौजदारी विषयांची घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंडविधान लागतो, त्यामुळे कोर्टात अजून बरीच वर्षं दोन्ही कानावर पडणार. मी वहीत डाव्या बाजूला जुनं कलम, उजवीकडे नवं असं लिहून ठेवलंय.

संविधान, करार आणि दुष्कृती (टॉर्ट, म्हणजे नुकसानभरपाईच्या) कायद्यापासून सुरुवात करा. मूळ अधिनियमाची छोटी पुस्तकं आधी, टीकाग्रंथ नंतर. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच रद्दबातल हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यातून शिकायचं, तर खटल्याची हकीकत वाचा, नुसतं नाव लिहू नका. पेपर तपासणाऱ्याला लगेच कळतं. परीक्षेचे निकाल कधी कधी रेंगाळतात, त्याची मनाची तयारी ठेवा.

पंचवटीकर

हजेरीचं परिपत्रक मला माहीत नव्हतं. सकाळचे वर्ग आणि मॅनेजरचं लेखी पत्र, हाच मार्ग बरा दिसतो. वकीलसाहेब, पदवीनंतर किती खर्च येतो सनदेला? ऐकीव आकडे फार मोठे आहेत.

गोदाकाठ_वकील

पूर्वी वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांनी बरीच रक्कम घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वकील अधिनियमात ठरलेल्या नोंदणी शुल्कापेक्षा जास्त घेता येणार नाही : खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क असेल तर ते वेगळं. गरीब घरातल्या मुलांसाठी हा फार मोठा निकाल आहे. आपली नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे होते. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, शंभर प्रश्न, टीपा नसलेले मूळ अधिनियम जवळ ठेवता येतात, मराठीतूनही देता येते. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात.

न्यायाधीश व्हायची इच्छा असणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावं : २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली.

ताई, तुमच्या आत्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं आणि माझ्या दृष्टीने या धाग्यातलं सर्वांत निकडीचं तेच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाएवढा हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं असेल तर नुसता हक्क दाखवून भागत नाही, आधी ते पत्र बाजूला सारावं लागतं. फसवून किंवा न सांगता सही घेतली असा दावा असेल, तर ज्या दिवशी ती गोष्ट कळली त्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते. आणि तुमची पदवीही तीन वर्षांची आहे. शिकून मग बघते म्हणालात तर वेळ हातातून जाईल.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट तिला नाही. हक्कसोडपत्राची नक्कल, त्यावरून झालेला फेरफार, चालू सातबारा आणि वंशावळ एवढं घेऊन आत्यांना स्वतःला घेऊन जा. सही कुठे झाली, कोण बरोबर होतं, काही रक्कम दिली का आणि हे सगळं त्यांना नेमकं कधी कळलं, ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून न्या.

सिन्नरची_लेक

मुदतीचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आत्याशी आत्ताच फोनवर बोलले. नक्कल तिच्याकडे नाही, ती निबंधक कार्यालयातून काढावी लागेल का? बाकी कागद माझ्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात रजा टाकून दोघी जातोय. वडिलांना काय वाटेल याचा विचार मनात आहे, पण त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.

सीईटीचा अर्ज यंदा भरतेय. मॅनेजरांना आजच मेल केला, सकाळच्या वर्गांचं लिहून.

निवृत्त_शिरस्तेदार

हो, प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळेल. दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं. ते माहीत नसेल तर फेरफाराची नोंद बघा, त्यात बहुधा लिहिलेलं असतं. दोन प्रती काढा, एक स्वतःजवळ ठेवा.

तिसरं_वर्ष

आणि ताई, कॅपसाठी कागद आतापासून गोळा करा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मुक्तच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, अधिवास दाखला, शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखलाही लागेल, कागदपत्रं तपासताना बायकांचे अर्ज इथेच सर्वांत जास्त अडकतात.